सहा भोकं

माझ्या घरमालकांनी पिलर ड्रिल विकत घ्यायचं ठरवलं तेव्हा मी अजून कॉलेजात होते. मी त्यांच्या घरात भाड्यानं राहायला आले तेव्हा ते मशीन निवडत होते. पुढच्या दोन वर्षांत मी एक नोकरी बदलली, ठरलेलं लग्न मोडलं आणि पोहायला शिकले. त्यांचं मशीन काही ठरलं नाही.

पिलर ड्रिल म्हणजे खांबाला बसवलेलं भोक पाडायचं मशीन. खाली लोखंडी बैठक, वर मोटार, बाजूला दांडा. दांडा ओढला की फिरणारं बिट सरळ खाली येतं आणि लोखंडाला भोक पडतं. एवढंच त्याचं काम. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं, भाड्याचं बोलणं सुरू व्हायच्या आधी.

घर प्रताप नगरात होतं, दुमजली, हवेशीर. मी धंतोलीत एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. दिवसभर लोकांचे आखडलेले गुडघे वाकवायचे आणि संध्याकाळी त्या वरच्या दोन खोल्यांत येऊन पडायचं. घरमालक, म्हणजे काका, एका मोठ्या कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि चूक सापडली की बाजूला काढायच्या, हे त्यांचं काम. माझ्या हाताखालून एक खराब नग बाहेर गेला नाही, असं ते वरचेवर सांगत. त्यांच्या हातून एखादा चांगला नग तरी घडला का, हे कोणी विचारत नसे. मीही विचारलं नाही. घर चांगलं होतं.

त्या घराचा एकच नियम होता. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडर लावायचं तर चिकटपट्टीनं. माझ्या सामानात बॅटरीवर चालणारं एक हातड्रिल होतं, व्यायामाच्या दोऱ्या छताला टांगायला घेतलेलं. नियम ऐकल्यावर मी ते गुपचूप कपाटावर, चादरींच्या मागे ठेवून दिलं. भाडेकरूनं घरमालकाशी वाद घालायचा नसतो, एवढी अक्कल मला होती. या अकलेची पुढे मला लाज वाटली.

गाडी ठेवायच्या जागेला जाळी लावून त्यांनी वर्कशॉप केलं होतं, आणि त्यांची स्कूटर त्यापायी बाहेर उन्हात रापत उभी असे. मे महिन्यात तिच्या सीटवर बसायची सोय नसायची. आत मात्र पंखा होता. भिंतीवर लाकडी फळा, फळ्यावर पाने, हातोड्या, कानशी, आणि प्रत्येक हत्याराभोवती लाल रंगानं त्याचा आकार काढलेला, म्हणजे कोणी काही उचललं तर लगेच कळावं. उचलणार कोण? ते स्वतःही उचलत नसत. टेबलाला मोठा वाइस होता, लोखंड घट्ट धरायचा शिकंजा. लोखंड धरून धरून वाइसच्या जबड्याला ओरखडे येतात. याच्या जबड्यावर कारखान्याचा हिरवा रंग तसाच होता. बिटांचा डबा होता, चाळीस बिटं, मेणकागदात गुंडाळलेली. आणि बरोबर मधोमध सिमेंटचा एक ओटा, त्यातून चार बोल्ट वर आलेले. ही मशीनची जागा.

दसऱ्याला त्यांनी मला पूजेला खाली बोलावलं. हत्यारांना हळदकुंकू झालं, आणि मग त्यांनी त्या रिकाम्या ओट्याला झेंडूचा हार घातला. चार बोल्टांना चार ठिकाणी गंध लावलं. नारळ फोडला. काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मला वाटलं भक्तीनं. नीट पाहिलं तर त्या हसत होत्या.

दर रविवारी मशीन पाहायला जायचं असे. पसंत पडलं तर लगेच घरी आणता यावं म्हणून माझी गाडी न्यायची. दोन वर्षांत त्या गाडीच्या मागच्या सीटवर एक स्क्रूसुद्धा ठेवला गेला नाही. मी जात होते ते काकूंमुळे. पहिल्याच रविवारी त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या होत्या, "घेऊन जा वं पोरी यायले. दोन घंटे घर माह्यं राह्यते."

इतवारीत मशिनरीच्या दुकानांची एक गल्ली आहे. हातगाड्या आणि टेम्पोंमधून वाट काढत आम्ही तिथं पोचायचो आणि आम्हाला पाहून दुकानदार आत निघून जायचे. काकांच्या पिशवीत डायल गेज असे, केसाच्या जाडीचा फरकही दाखवणारं घड्याळासारखं मापयंत्र, मखमलीच्या डबीत. ते आधी मशीन चालू करायला लावत. मग बैठकीवर एक रुपयाचं जुनं नाणं कडेवर उभं करत. नाणं पडलं म्हणजे मशीन हादरतं, नापास. नाणं उभं राहिलं की डायल गेज निघे, आणि चक, म्हणजे बिट धरणारं फिरतं टोक, किती डोलतं ते पाहिलं जाई. त्यातूनही मशीन वाचलंच तर ते खांबाला धरून हलवत, मोटारीचा वास घेत, दांडा पन्नास वेळा वर-खाली करत. शेवटी वहीत नोंद. ती वही मी पाहिली आहे. चक डोलते. बैठक लवते. पट्टा कुरकुरतो. एका मशीनमध्ये काहीही सापडलं नव्हतं, त्याच्यापुढे लिहिलं होतं, दुकानदार उद्धट.

हा उद्धट दुकानदार म्हणजे गल्लीच्या टोकाचे एक वयस्क शेठ. काका तिसऱ्यांदा त्याच मशीनपाशी उकिडवे बसले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं होतं, "काकाजी, मशीन घेऊन राहिले की पोरीसाठी जावई पाहून राहिले?"

काकांना राग आला नाही. त्यांनी मला परतीच्या वाटेवर समजावलं, "मशीन एकदाच घ्यायची असते, मॅडम. या लोकायले काय, विकून मोकळे." मी गाडी चालवत होते. माझ्या मनात आलेलं मी बोलले नाही.

मोबाइलवर ते ड्रिलचे व्हिडिओ पाहत. जगभरातले लोक आपापल्या गॅरेजात कशाकशाला भोकं पाडत असत आणि प्रताप नगरातून हे त्यांना खाली लिहून चुका कळवत. एकदा त्यांनी मशीन घरपोच मागवलं. ते आलं त्या दिवशी मी दवाखान्यातून लवकर निघून आले, म्हटलं, एक काम संपलं. खोकं उघडलेलं, मशीन जमिनीवर, आणि काका पालथे पडून पट्टी लावून त्याची बैठक तपासत होते. ओट्यावर काही ते चढलं नाही. नवव्या दिवशी बैठकीचा एक कोपरा कागदाच्या जाडीएवढा खाली असल्याचं कारण लिहून परत गेलं. त्या नऊ दिवसांत त्याचं बटण त्यांनी कितीतरी वेळा दाबलं, पण बिट एकदाही लावलं नाही. तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. कारण नंतर कळलं.

आता काकूंचं सांगते. त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि व्यायामाला त्या माझ्याच हाताखाली आल्या. गुडघा छान वाकू लागला, पण ओल्या फरशीची त्यांना धास्ती बसली. मी काकांना सांगितलं की बाथरूममध्ये भिंतीला आधाराची दांडी लावून घ्या, या आठवड्यातच. बाजारात तयार मिळते, माणूस येऊन लावून जातो.

तयार मिळते हा शब्द मी वापरायला नको होता.

तयार दांडी म्हणजे पत्रा, असं त्यांचं मत पडलं. मी तरीही एक विकत आणून दिली. ती त्यांनी दोन दिवस ठेवून घेतली आणि प्लेटची जाडी, पाइपची जाडी, वेल्डिंगचा दर्जा अशी कारणं लिहिलेल्या चिठ्ठीसकट मला वर आणून दिली. दांडी ते स्वतः बनवणार होते.

त्यांनी सुरुवात कशी केली ते सांगायला हवं. वेगवेगळ्या जाडीचे पाच पाइपचे तुकडे आणले, काकूंना खुर्चीवर बसवलं आणि एकेक तुकडा त्यांच्या मुठीत देऊन पाहिला. बोटं कुठवर येतात, अंगठा कसा बसतो, ओल्या हातात कोणता निसटत नाही. दोन दुपारी हेच चाललं. त्यातून जो निघाला तो अगदी बरोबर होता, मी फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगते. काकूंनी मला व्यायाम करता करता सांगितलं, "लग्नापासून एवढा वेळ माह्या हात कवा धरला नव्हता यायनं." आणि त्या लाजल्या. सत्तरीच्या बाईला लाजताना पाहून मीही त्या माणसाला थोडी सवलत दिली. तीही चूकच झाली.

कारण पाइप कापून झाला, जवळच्या वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही टोकांना स्टीलच्या प्लेट लावून झाल्या, आणि काम थांबलं. प्रत्येक प्लेटला तीन भोकं हवी होती, स्क्रूसाठी. एकूण सहा. वेल्डिंगवाल्यानं तिथंच विचारलं होतं, भोकं पाडून देऊ का. काका नाही म्हणाले. भोक काटकोनात पडायला पाहिजे, आणि त्यासाठी पिलर ड्रिल पाहिजे, आणि ते अजून ठरायचं होतं.

मी एकदा विचारलं, की प्लेटला भोकं पडली तरी भिंतीत हातड्रिलनंच पाडावी लागतील ना? भिंत तर मशीनखाली ठेवता येत नाही. ते म्हणाले, भिंतीचा प्रश्न नंतरचा. दांडी वर्कशॉपमध्ये कापडात गुंडाळून ठेवली होती. काकू न्हाणीत नळ धरून उठत बसत राहिल्या. असे सात महिने गेले. त्या सात महिन्यांत माझं हातड्रिल बाथरूमच्या बरोबर वरच्या खोलीत, कपाटावर होतं. मी मनातल्या मनात त्या माणसाला जे जे म्हणत होते ते एकदाही खाली जाऊन म्हटलं नाही.

त्या रविवारी आम्ही त्याच शेठच्या दुकानात होतो. नवीन मशीन आलं होतं आणि नाणं उभं राहिलं होतं. काका डायल गेज लावत होते तेव्हा माझा फोन वाजला. शेजारच्या बाई होत्या. काकू बाथरूममध्ये पडल्या होत्या. किती वेळ पडून होत्या ते माहीत नाही, हाक ऐकू आली तेव्हा यांनी मागचं दार ढकललं. शुद्धीवर आहेत, पाय हलत नाही.

मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग त्यांनी डायल गेज काढलं, फडक्यानं पुसलं, डबीत ठेवलं, डबी बंद केली आणि तिचा खटका बसला की नाही ते अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग उठले. मी एवढ्या वर्षांत पुष्कळ नातेवाईक पाहिले आहेत, रडणारे, भांडणारे, चक्कर येऊन पडणारे. त्या डबीचा खटका मी विसरलेली नाही. शेठनी मात्र दुकानाबाहेरचा टेम्पो हटवून आमच्या गाडीला वाट करून दिली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. धंतोलीतच ऑपरेशन ठरलं, प्लेट आणि स्क्रू घालून. सर्जन तरुण होता, फिल्मवर बोट ठेवून त्यानं सगळं नीट सांगितलं आणि काही विचारायचंय का म्हणाला. काकांनी विचारलं, हाडात भोक पाडायला मशीन कोणती वापरता. मला तोंड कुठे लपवावं असं झालं. सर्जन म्हणाला, हातातलंच असतं, बॅटरीवरचं.

"मंग सरळ कसं पडते?" काकांनी विचारलं.

"सवयीनं," तो म्हणाला. "रोज पाडतो ना काका."

 त्यानंतर काकांचा कँटीनचा चहा तसाच गार झाला.

ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी मी काकूंना पलंगाच्या कडेला बसवून पाय हलवून घेत होते, काका खुर्चीवर होते. घरी कधी न्यायचं ते त्यांनी मला विचारलं. उत्तर काकूंनी दिलं, आवाज न चढवता, माझ्याकडे पाहत, जसं काही मीच विचारलं होतं.

"दांडी लागल्याबिगर मी त्या घरी येत नाही. भावाकडं जाईन. अन् लावायची तं यायनं सोताच्या हातानं लावायची. माणूस बोलवला तं मी येत नाही."

मला ती अट अवघड वाटली नाही. काकांचा चेहरा मात्र असा झाला की मी पाय हलवायची थांबले.

संध्याकाळी घरी आल्यावर मी कपाटावरून हातड्रिल काढलं आणि खाली नेऊन वर्कशॉपच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं. हे केव्हापासून आहे तुमच्याजवळ, एवढंच विचारलं. पहिल्या दिवसापासून, मी म्हटलं. त्यांनी ड्रिल उचलून हातात तोलून पाहिलं.  त्या क्षणी आम्ही दोघं एकमेकांच्या लायकीचे होतो.

त्यांनी दांडी कापडातून काढली, प्लेट वाइसमध्ये धरली, मेणकागद सोडवून बिट लावलं. तेलाचा थेंब टाकला. भोकाच्या जागा त्यांनी सात महिन्यांपूर्वीच आखून ठेवल्या होत्या, इतक्या सुबक की पुसू नयेत. मग ड्रिल टेकवून बटण दाबलं. ड्रिल फिरलं, किंचाळलं, तेलाचा धूर झाला, प्लेट निळी पडली, आणि भोक पडेना. ते दोन्ही हातांनी रेटत होते, मान वाकडी करून, डोळे जवळजवळ मिटून. मी पाहिलं तर ड्रिल उलटं फिरत होतं. दिशा बदलायचा खटका मागच्या बाजूला होता. हे पहिल्यांदा ड्रिल हातात घेणारा माणूस विसरतो. दुसऱ्यांदा घेणारा सहसा विसरत नाही.

मी हात पुढे करून खटका सरकवला.

ते थांबले. कपाळाचा घाम पुसला. आणि म्हणाले, "मी कवाच पाडलं नाही भोक."

"कारखान्यात?"

"तिथं बाकीचे पाडत होते. मी मोजत होतो."

मला दया यायला हवी होती. आली ती चीड. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या भोकांना नावं ठेवली, गल्लीतल्या प्रत्येक मशीनला नापास केलं, कारण एक मशीन पास झालं असतं तर पुढचं पाऊल यांचं होतं. आणि ते टाळायची किंमत काकूंच्या खुब्यानं भरली. मी हे सगळं त्यांना तिथंच बोलले, दोन वर्षांचं साचलेलं, अगदी घरमालक-भाडेकरू विसरून. त्यांनी ऐकून घेतलं. मग पुन्हा बटण दाबलं.

सहा भोकांना पावणेदोन तास लागले. तीन बिटं मोडली. चौथ्या भोकाला प्लेट निसटून त्यांच्या अंगठ्याचं साल गेलं, त्यावर मी पट्टी बांधली. एक भोक आखलेल्या खुणेपासून दिसण्याइतकं बाजूला गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीतली भोकं झाली. खिळा न पाहिलेली त्यांची ती भिंत, तिच्यातली एक टाइल कोपऱ्यापासून तडकली. त्यांनी पांढरं सिमेंट भरलं. दांडी लागली. त्यांनी लेव्हल ठेवून पाहिलं, एक टोक दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली होतं. वहीत त्यांनी काही लिहिलं नाही.

काकू वॉकर घेऊन घरी आल्या त्या दिवशी आधी बाथरूमच्या दारात गेल्या. दांडीकडे, तडकलेल्या टाइलकडे, मग काकांच्या अंगठ्याकडे पाहिलं. काकांना राहवलं नाही. ते म्हणाले की दोन सूत तिरपी लागली आहे, मशीन असती तर लागली नसती.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "मीबी आता तिरपीच चालून राहिली." आणि दांडी धरून पाहिली.

पुढच्या वर्षी मी घर बदललं. परवा प्रताप नगरात एका पेशंटला पाहायला गेले होते, म्हणून त्यांच्याकडे डोकावले. काकू आंघोळीला निघाल्या होत्या, मला बस म्हणाल्या. काका माझ्याशी बोलता बोलता उठले आणि बाथरूमच्या बंद दाराबाहेर जाऊन उभे राहिले. आतून टक् असा आवाज आला, तेव्हा परत येऊन बसले. मी विचारलं, कसला आवाज. दांडी धरली की एका प्लेटमागचं वायसर, ती स्क्रूची चकती, हलतं, ते म्हणाले. बाकी घट्ट आहे, रोज सकाळी ते स्वतः लटकून पाहतात.

मी म्हटलं, वायसर हलतं म्हणजे स्क्रू पाव फेरा सैल आहे, पाना द्या, मी आवळून देते.

"नका आवळू, मॅडम," ते म्हणाले. "धरली का नाही, ते बाहेर समजते."

मी पाना मागितला नाही. पण ते सात महिने मी विसरले नव्हते; निघताना काकूंचा हात हातात घेतला, आणि काकांकडे न पाहता गाडीत बसले.